तळ्यात घातलेली गल्ली

ऑफिसात तिला 'कात्री' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणण्याइतकी छाती त्या मजल्यावर एकाचीही नव्हती, आणि हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्या नावाचा तिला रागही येत नसे. उलट, या मंडळींनी आयुष्यात एक तरी गोष्ट डोकं वापरून केली, असं ती म्हणायची. घरी ती थोरली. आईवडील गेल्यावर दोन मजली घर दोघी बहिणींच्या वाट्याला आलं. वर थोरली एकटी, खाली धाकटी आणि तिचा नवरा. आपणही तिला थोरलीच म्हणू.

काम तिचं कापायचंच होतं. उपग्रहावरून जमिनीची चित्रं येतात ती भलीमोठी आणि चौकोनी. ज्याला आपल्या शहराचं चित्र हवं असतं त्याला शेजारच्या डोंगराशी काही देणंघेणं नसतं. मग हद्दीची रेघ घ्यायची, ती चित्रावर ठेवायची, रेघेच्या आतलं तेवढं राखायचं आणि बाहेरचं छाटून टाकायचं. याला ऑफिसात 'क्लिप मारणं' म्हणत. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक बटण होतं, आणि बटण आहे म्हणजे अक्कल लागत नाही, अशी त्या इमारतीतल्या झाडून सगळ्यांची समजूत होती.

थोरली बटणाला हात लावायच्या आधी रेघ तपासायची. पृथ्वी गोल, पडदा सपाट. गोल वस्तू सपाट करायच्या रीती अनेक. चित्र एका रीतीतलं आणि रेघ दुसऱ्या रीतीतली असली, तर रेघ गपचूप बाजूला सरकते. सॉफ्टवेअर त्याबद्दल बोंब मारत नाही; सांगितलं तिथे कापून मोकळं होतं. शिवाय कापल्यावर चौकोनाचे कोपरे उरतात. ते रिकामे आहेत हे संगणकाला बजावून सांगावं लागतं, नाहीतर ते काळे दिसतात. एकदा पाणीपुरवठ्याच्या एका साहेबांनी कुणीतरी केलेल्या नकाशातले असले काळे कोपरे बघून 'या भागात पाणी बरंच खोल दिसते' असं लेखी कळवलं होतं. तो कागद थोरलीने टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. कामाचा कंटाळा आला की ती तो वाचायची आणि ताजीतवानी व्हायची.

तिसऱ्या मजल्यावरची ती लांबट खोली. एका टोकाला नकाशे छापायचं मोठं यंत्र, जे दिवसातून दोनदा कागद खायचं. दुसऱ्या टोकाला काचेची केबिन. मधे टेबलांच्या दोन रांगा. एसीचा सगळा वारा एकाच खुर्चीवर यायचा, आणि तिथे बसणारा माणूस उन्हाळ्यातही मफलर गुंडाळून असायचा. खुर्ची सरकवावी हे त्याला सुचलं नव्हतं. थोरलीनेही सांगितलं नव्हतं. ती त्याच्याकडे रोज बघायची. पुढच्या टेबलावरच्या बाई दुपारभर फोनवर सुनेच्या तक्रारी सांगायच्या, आणि त्यांच्या मागचा गृहस्थ त्या तक्रारी ऐकत ऐकत एकच फाइल उघडायचा आणि मिटायचा. असल्या लोकांत आपण आयुष्य घालवतोय, असं थोरलीला वाटे. पण दुसरीकडे जायचा विचार तिने कधी केला नाही. दुसरीकडे गेल्यावर नावं ठेवायला नवी माणसं शोधावी लागली असती.

या सगळ्यांत तिच्या तिरस्काराचा मोठा वाटा एकट्या धाकटीच्या नवऱ्याकडे जायचा. ऑफिसात त्याला 'होयबा' म्हणत. तो बेकार होता तेव्हा धाकटीने जिन्यात उभं राहून म्हटलं होतं, "ताई, तुझ्याकडे लावून घे ना यांना." थोरलीने शब्द टाकला. पुढे कितीतरी महिने तिने त्याला काम शिकवलं. तो वहीत सगळं लिहून घ्यायचा, मान डोलवायचा, 'वा ताई, कसं समजावता!' म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी कोरी पाटी घेऊन हजर. क्लिप मारणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. जमलं ते मान डोलवणं. साहेबांचं वाक्य संपायच्या आत त्याची मान खाली गेलेली असायची. त्या मानेच्या जोरावर तो बघता बघता वर चढला आणि एक दिवस काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला. थोरलीचा साहेब झाला. घरी तो तिला ताई म्हणे, ऑफिसातही ताईच म्हणे. पण ऑफिसातलं ताई जरा नाकातून यायचं.

"माझा मेहुणा म्हणजे दारावरचा पडदा आहे," ती म्हणायची. "वारा येईल तिकडे. आणि माणसं हात पुसून जातात."

तर त्या शहरात एक तळं होतं. एका बाजूला फिरायचा रस्ता, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या घरांची एक गल्ली, आणि टोकाला निमुळती होत गेलेली दलदल. तिथे लव्हाळी माजलेली, पावलं रुतायची, पण पाणी बारा महिने. लोक त्या भागाला तळ्याचं शेपूट म्हणत. या शेपटावर शहर समितीच्या अध्यक्षांना प्रदर्शनाचं सभागृह बांधायचं होतं. तळ्यात बांधता येत नाही असा नियम होता. म्हणून तळंच जरा लहान करायचं ठरलं.

"तळं थोडं आवरतं घ्या," अध्यक्ष होयबाला म्हणाले. वाक्य पुरं व्हायच्या आत होयबाची मान हलली.

आता ही गोष्ट थोरलीला सांगितली तर ती चार प्रश्न विचारणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने केबिनचं दार लावून स्वतःच रेघ काढली. खाली कुठलासा जुना, स्कॅन केलेला नकाशा घेतला, त्यावर माउसने तळ्याभोवती फिरला, शेपटापाशी आल्यावर सरळ आडवं कापलं. हा नकाशा कोणत्या रीतीचा आहे, असं सॉफ्टवेअरने विचारलं. होयबाने पहिल्याच ओळीवर टिचकी मारली. संगणकालाही तो होय म्हणाला.

मग फाइल घेऊन तो थोरलीच्या टेबलापाशी आला.

"ताई, एवढं तळं कापून द्या. रेघ मी काढलीय."

"तुम्ही?"

"म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

थोरलीने रेघ चित्रावर टाकली. बघताक्षणी तिला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, तळ्याचं शेपूट गायब. दुसरी, सगळी रेघ दोन-अडीचशे मीटर बाजूला सरकलेली. फिरायच्या रस्त्याकडचं पाणी रेघेबाहेर राहिलं होतं, आणि दुसऱ्या अंगाला अख्खी पत्र्याची गल्ली तळ्यात येऊन बसली होती.

"भावोजी, शेपूट कुठे गेलं?"

"ते आता तळ्यात धरायचं नाही. वरून आलंय."

"वरून म्हणजे? उपग्रहावरून?"

होयबा हसला. विनोद कळो न कळो, तो हसायचा. थोरलीने ओठ उघडले. रेघ सरकलीय, एवढे दोनच शब्द. ते जिभेवर आले होते. तेवढ्यात त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"ताई, तुम्ही फक्त कापा. विचार करायला आम्ही आहोत ना."

फोनवरच्या बाई बोलायच्या थांबल्या. मफलरवाल्याने मान वळवली. थोरलीने ओठ मिटले.

मग तिने कापलं. आणि काय कापलं! कडा कशा धारदार, कोपरे स्वच्छ, रंग उठावदार. इतकी सुबक क्लिप तिने पूर्वी कधी मारली नव्हती. कापताना तिच्या डोळ्यांसमोर समितीच्या सभागृहातला मोठा पडदा होता, त्यावर तळं म्हणून पसरलेली पत्र्याची घरं होती, आणि पडद्यासमोर उभ्या असलेल्या होयबाचा चेहरा होता. या एका चेहऱ्यासाठी तिने सगळं नीट सजवून दिलं.

समितीपुढच्या सादरीकरणाला ती मुद्दाम गेली. शेवटच्या रांगेत बसली. समितीची माणसं कोटाची बटणं सोडून खुर्च्यांत पसरली होती. अध्यक्ष मधोमध, चष्मा कपाळावर. होयबाने दिवे मालवायला सांगितले आणि पडद्यावर चित्र आलं. थोरलीने श्वास रोखला. अर्ध्या तळ्यात पाणी, अर्ध्यात घरांचे पत्रे. आंधळ्यालाही दिसावं. आता कुणीतरी बोलेल, आता कुणीतरी विचारेल.

"अहाहा," अध्यक्ष म्हणाले. "पाण्यावर ऊन काय सुंदर चमकतंय!"

"होय साहेब," होयबा म्हणाला. "सकाळचं चित्र आहे."

"आणि त्या समोर ओळीने रेघा आहेत, त्या काय?" एका सदस्याने विचारलं. त्या गल्लीतल्या बोळांच्या रेघा होत्या.

होयबाने पडद्याकडे बघितलं. क्षणभर तोही चाचपडला. "लाटा," तो म्हणाला.

"अच्छा, अच्छा. लाटा."

टाळ्या पडल्या. थोरलीने पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी तिचे खांदे हलायचे थांबेनात. शेजारच्या माणसाला वाटलं बाईंना ठसका लागला. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. नकाशा एकमताने मंजूर झाला. त्यावर होयबाने सही ठोकली, अध्यक्षांनी ठोकली, आणि ज्याला सही करायचा अधिकार नव्हता अशाही एकाने उत्साहाच्या भरात ठोकली.

त्या संध्याकाळी थोरली घरी गेली ती जवळजवळ नाचतच. तिला होयबाची फजिती हवी होती, आणि मिळालं होतं त्याहून मोठं काहीतरी: सगळं शहर मूर्ख आहे याचा सह्यांनिशी पुरावा. आपण माणसांबद्दल जे धरून चाललो होतो ते तसूभरही चुकलं नव्हतं. तिने चहा केला, खिडकीत बसली, लाटा, लाटा म्हणून पुन्हा हसली. ती रेघ तिथून पुढे कुठे जाईल, याचा विचार तिने केला नाही. कागद आहे, कपाटात पडेल, तिला वाटलं. आजवर सगळे पडत आले होते.

हा कागद पडला नाही. तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला, आणि दुसऱ्या खात्यात नेमका एक कामसू माणूस निघाला. तळ्याच्या हद्दीत राहणाऱ्यांना जागा खाली करायची नोटीस द्यावी असा नियम होता, त्याने दिली.

सकाळी ऑफिस उघडलं तसा जिन्यातून आवाज चढू लागला. पाठोपाठ एक बाई आली. धिप्पाड, बाह्या वर खोचलेल्या, एका हातावर इस्त्रीच्या जुन्या भाजल्याचा डाग. गल्लीत तिची लाँड्री होती. शिपायाने अडवायला हात पुढे केला, तो तिने रुमाल बाजूला सारावा तसा सारला.

"तळ्याचा नकाशा कुणी केला इथं?"

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम थोरलीकडे बोट दाखवलं. इतकी एकी त्या मजल्यावर कधी दिसली नव्हती.

लाँड्रीवालीने नोटीस टेबलावर आपटली. "मी म्हणे तळ्यात राहते."

थोरलीने कागद वाचला.

"तळ्यात राहते तर माझे कपडे वाळतात कसे? सांगा ना! माझ्याकडे शंभर घरचे कपडे येतात, ते काय मी बुडवून परत देते? शेजारचा म्हातारा जन्मापासून तिथे आहे. त्याला काय कल्ले फुटलेत?"

"ओरडू नका," थोरली म्हणाली. तिला ओरडणारी माणसं आवडत नसत. हळू बोलणारीही फारशी आवडत नसत, पण ओरडणारी अधिक.

"ओरडू नको तर काय करू? लव्हाळ्यात जाऊन बसू? चला. तुम्ही चला माझ्याबरोबर आणि दाखवा, पाणी कुठंय ते."

थोरली का उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. इतकी वर्षं ती जमीन कापत होती, पण कापलेल्या जमिनीवर जाऊन उभी राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. गल्ली तिला मुळीच आवडली नाही. दोन्ही बाजूंनी पत्र्याची घरं, डोक्यावर तारांचं जंजाळ, वेल्डिंगच्या ठिणग्या, गल्लीभर साबणाचा आणि जळक्या रबराचा वास. एका दारात रेडिओ, समोरच्या दारात दुसरा रेडिओ, आणि दोघांत चढाओढ. एक कोंबडा तिच्या चपलेवरून गेला. जमीन खडखडीत कोरडी होती.

लाँड्रीच्या दुकानात आत-बाहेर दोनच खोल्या. बाहेर इस्त्रीचं टेबल आणि छतापर्यंत गेलेल्या कपड्यांच्या घड्या, आत खाटेवर एक म्हातारी पाय सोडून बसलेली. ती लाँड्रीवालीची सासू. तिला कमी ऐकू यायचं.

"कोण आलंय?" सासूने विचारलं.

"आपल्याला बुडवणारी!" लाँड्रीवाली तिच्या कानात ओरडली.

"बसायला दे," सासू म्हणाली.

थोरली बसली नाही. ती दारात उभी राहिली आणि वर पत्र्याकडे बघत राहिली. हाच तो पत्रा, चित्रात चमकणारा. उपग्रहाच्या उंचीवरून माणूस एका ठिपक्याएवढाही दिसत नाही. हे ती नव्या लोकांना शिकवायची, तेही वैतागून. लाटा म्हणून ती हसली होती तेव्हा ही म्हातारी खाली अशीच पाय सोडून बसलेली असणार.

ती तडक परत गेली आणि दार न वाजवता काचेच्या केबिनमध्ये शिरली.

"तुमची रेघ सरकलीय. नोटिसा परत घ्यायला लावा."

होयबाने आधी दार लावून घेतलं. "ताई, हळू. आता सही झालीय."

"लोकांना घरं सोडायला सांगताहेत."

"कुठल्या लोकांना? चार पत्रे आहेत तिथे." मग त्याने आवाज आणखी खाली आणला. "हे बघा, मला वरच्या ऑफिसात घ्यायचं चाललंय. या वेळी चूक निघाली तर… तुमच्या बहिणीचाच संसार आहे हा."

थोरलीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची होती. कुठल्या लाँड्रीची, हे तिने विचारलं नाही.

नोटिसांवर हरकती ऐकायला समितीने सुनावणी ठेवली होती. त्याच सभागृहात, त्याच पडद्यासमोर. या वेळी मागच्या रांगांत गल्ली येऊन बसली होती. रेडिओ सोडले तर सगळी. लाँड्रीवालीने सासूला खुर्चीसकट उचलून आणवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, शास्त्रीय पद्धतीने काढलेला नकाशा आहे, उपग्रह काही खोटं बोलत नाही.

थोरली उठली. "उपग्रह नाही बोलत. चित्र मोठं करा."

कुणी हलेना. तीच पुढे गेली आणि चित्र मोठं केलं. चमकणारं ऊन जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि त्याचे पत्रे झाले. एका पत्र्यावर निळं पिंप होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, ते आमचं पिंप!"

हशा पिकला. अध्यक्षांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. उशिरा का होईना. "हे कसं झालं?"

"कापायचं काम यांचं आहे साहेब," होयबा पटकन म्हणाला. आपल्या बायकोच्या बहिणीकडे बोट करताना त्याचं बोट जराही कापलं नाही.

"खरं आहे," थोरली म्हणाली. "रेघ यांची. कापलं मी. रेघ सरकलीय हे मला कापतानाच दिसत होतं."

"दिसत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही बोलले."

"का?"

या प्रश्नाला तिच्याकडे एकही तिखट उत्तर नव्हतं. अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिने स्वतः तपासून आणलेली रेघ चित्रावर टाकली. गल्ली बाहेर गेली, रस्त्याकडचं पाणी आत आलं, आणि त्याबरोबर तळ्याचं शेपूटही लव्हाळ्यासकट आत आलं.

"शेपूट…" अध्यक्ष पुटपुटले.

"पाणी आहे तिथे," थोरली म्हणाली. "हवं तर हेही मोठं करून दाखवते."

अध्यक्षांनी घाईघाईने हात हलवला. सगळ्यांसमोर शेपूट मोठं होणं त्यांना परवडणारं नव्हतं. तांत्रिक दुरुस्ती म्हणून नवी रेघ मंजूर झाली, नोटिसा मागे घेतल्या गेल्या. प्रदर्शनाच्या सभागृहासाठी दुसरी जागा बघू, असं ते म्हणाले, आणि ते सभागृह अजून कुठेच झालेलं नाही. बाहेर पडताना लाँड्रीवाली थोरलीपाशी थांबली. आता ही आभार मानणार, असं थोरलीला वाटलं.

"आधीच बोलायला काय झालं होतं?" ती म्हणाली, आणि सासूची खुर्ची उचलायला गेली.

त्याच संध्याकाळी धाकटी वर आली. ती नेहमी जिन्यातूनच हाक मारायची; आज सरळ आत आली.

"तुला त्याच दिवशी दिसलं होतं?"

"हो."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तो म्हणाला, तुम्ही फक्त कापा. सगळ्यांदेखत."

"तो रोजच काहीतरी म्हणतो! मी ऐकते का त्याचं? तो कसा आहे हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं, ताई. मला काय डोळे नाहीत? पण तू तशी नाहीस ना? त्याची फजिती बघायला तू थांबलीस. मधे एक अख्खी गल्ली होती आणि तू मागच्या खुर्चीत बसून मजा बघत होतीस."

"ती माणसं माझ्या लक्षात आली नाहीत."

"येतच नाहीत तुझ्या लक्षात माणसं," धाकटी म्हणाली आणि खाली निघून गेली.

थोरलीच्या डोक्यात तीन-चार उत्तरं तयार झाली, एकाहून एक धारदार. जिन्यात जाऊन तिने एकही फेकलं नाही. पण ती उत्तरं चांगली होती, हे तिला पटलेलं होतं.

पुढचं सगळं त्या ऑफिसला शोभेलसं झालं. थोरलीला लेखी ठपका आला आणि तिची तळघरात बदली झाली, जुने नकाशे स्कॅन करायला. होयबाचं काय झालं? त्याने शेपटाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, अध्यक्षांचं नाव घेतलं नव्हतं. असा माणूस जवळ असावा असं वरच्यांना वाटलं. त्याला मुख्य ऑफिसात सल्लागार केलं. सल्ला! ज्याने उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही त्याचा सल्ला! थोरलीला ही बातमी तळघरात कळली तेव्हा तिने हातातला नकाशा उलटा स्कॅन केला.

धाकटी आणि तिचा नवरा दुसऱ्या शहरात गेले. सामान भरताना दोघी बहिणी मोजकंच बोलल्या. पाण्याची टाकी कधी भरायची, गॅसवाल्याचा नंबर कुठे लावलाय, एवढंच. गाडी सुटताना काहीतरी बोलावंसं वाटून धाकटीने काच खाली केली आणि तशीच पुन्हा वर केली. खालचा मजला बंद राहिला. थोरलीच्या लक्षात आलं की खालून येणाऱ्या ज्या आवाजांना ती नाक मुरडायची, भांड्यांचे, टीव्हीचे, होयबाच्या शिंकांचे, ते नसले की घर नुसतं कोंडल्यासारखं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कुणी उरलंही नव्हतं.

तळघरातून तिला लवकरच वर बोलावलं. तिच्या जागी बसवलेल्या दोघांनी मिळून एका जंगलाचं चित्र कापून दिलं होतं, त्यात निम्मं जंगल काळं आलं होतं, आणि आग लागली असं समजून कुणीतरी बंब पाठवला होता. थोरली परत आपल्या टेबलावर बसली. आल्या आल्या तिने मफलरवाल्याला खुर्ची सरकवायला सांगितलं. त्याने सरकवली, आणि म्हणाला, "आता उकडतंय."

मग एक दिवस धाकटीचा फोन आला. "येणार असशील तर ये," एवढंच म्हणाली. थोरलीने दोन दिवस नाही-नाही म्हणून घेतलं आणि गेली.

स्टेशनवर घ्यायला होयबा आला होता. त्याला बघून तिचं अंग आक्रसलं. हा आता तोंड फिरवेल, निदान खाली तरी बघेल. त्याने धावत येऊन तिची बॅग घेतली. "या ताई! काय गारठा आहे नाही?" शेजारून जाणाऱ्या सहकाऱ्याला थांबवून त्याने ओळख करून दिली, "या माझ्या मेहुणी. मला जे येतं ते सगळं यांनी शिकवलंय." त्यात टोमणा नव्हता. राग नव्हता. झाल्या गोष्टीचा एक ओरखडासुद्धा त्या माणसावर नव्हता. ती इतके महिने ज्या चरकातून गेली तो याच्या गावीही नव्हता. याचा अपमान करायचा तरी कुठे, तिला कळेना. याला कातडीच नाही. वाटेत तो बडबडत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

घर लहानसं, नवं. धाकटीने दारातच तिच्या हातातली पिशवी घेतली, "बारीक झालीस," म्हणाली आणि आत वळली. मिठीबिठी काही नाही. दोघींनाही ते जमण्यासारखं नव्हतं. जेवणाची ताटं घेत असताना होयबा लॅपटॉप घेऊन आला आणि तो टेबलावर वाट्यांच्या मधे ठेवला.

"ताई, जेवायच्या आधी एवढं बघता का जरा? उद्या द्यायचंय. रेघ मीच काढलीय."

धाकटी भांडं हातात धरून थांबली. थोरलीने चष्मा लावला. रेघ चित्रावर टाकून बघितली, मोठी करून बघितली, चारी बाजूंनी फिरून बघितली. रेघेची रीत तपासली, चित्राची तपासली. जेवण निवत होतं.

"काय झालं?" धाकटीने विचारलं. "चुकलंय?"

"नाही," थोरली म्हणाली. "बरोबर आहे." आणि आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाने एक गोष्ट धड केली, आणि आपल्याला टोचून बोलायची सोयही ठेवली नाही, याचा तिला इतका राग आला की तिने लॅपटॉप खाडकन मिटला. "घ्या. उचला हे ताटातून."

धाकटी भांडं खाली ठेवून हसायला लागली. होयबाही हसला, नेहमीसारखा, काही न कळता.